प्रश्नावली की मुलाखत: आधी काय शिकावं?

एम.ए.च्या मुलांना संशोधनासाठी प्रश्नावली सोपी वाटते. गूगल फॉर्म फिरवला, शंभर उत्तरं आली, टक्केवारी तयार! पण फॉर्म स्वतःच्याच ग्रुपवर फिरला, तर तो सगळ्या समाजाचा नमुना कसला? शिवाय शेतात राबणाऱ्या बाईला ‘काम करता का?’ विचारलं, की ‘नाही, घरीच असते’ हे उत्तर ठरलेलं. म्हणूनच १९९१च्या जनगणनेत शेतातल्या बिनमोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच घातला गेला. मुलाखतीत हीच बाई पहाटेच्या धारांपासून खुरपणीपर्यंत सगळं सांगते. मुलाखत वेळखाऊ मात्र खरी. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला अख्खी दुपार जाते, आणि वीस मुलाखतींवरून जिल्ह्याचा आकडा काढता येत नाही. माझं मत: आधी पाच-सहा मुलाखती, मगच प्रश्नावली.