थर्मोस्टॅट: पार्किंगमध्ये स्वतः बदलायचा की नाक्यावरच्या गॅरेजला द्यायचा?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरला जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह. आधी एक, टेंपरेचरचा काटा वर चढला म्हणजे थर्मोस्टॅटच गेला असं नाही, कूलंट कमी झालंय का, फॅन फिरतोय का ते बघून घ्या. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की गाडी तापते, उघडा अडकला की उलटं, एक्सप्रेसवेला काटा खालीच लोळतो आणि ॲव्हरेज पडतं, पण तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही.

मी स्वतः केलं कारण माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये हाऊसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट बसतो ते घर, वरतीच आहे, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला की दोन 10 चे बोल्ट समोर. जुना काढला आणि घरी जुन्या टोपात पाणी ठेवून दोऱ्याने टांगला, त्याच्यावर 82 कोरलेलं असतं म्हणजे साधारण तेवढ्या डिग्रीला आतलं मेण वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडायला लागतो, आमचं पाणी खदखदायला लागलं तरी हा ढिम्म. (तो टोप आता बाल्कनीत असतो, स्वयंपाकघरात प्रवेश नाही.)

बोल्ट खोलणं काही कठीण नाही हो, वेळ खातं ते कूलंटमध्ये अडकलेली हवा काढणं. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढायचं, गरम असताना चुकूनही नाही, मग कूलंट भरून हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू ठेवायची आणि बुडबुडे थांबून फॅन एकदोनदा लागेपर्यंत तिथेच उभं राहायचं. थर्मोस्टॅटला हवा सुटायची बारीक पिन असेल तर बसवतानाच ती वर ठेवायची. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, सोसायटीच्या टँकरचं पाणी नको. आणि सांडलेलं लगेच पुसा, गोड लागतं आणि विषारी असतं, पार्किंगमधल्या मांजरी चाटतात.

गॅरेजचा फायदा सरळ आहे, तास-दीड तासात काम होतं, सेक्रेटरीची कटकट नाही. पण तिथे हमखास ऐकायला मिळतं, "निकाल देते हैं शेठ, बंबई में ठंडी किधर है". हे अजिबात करू देऊ नका! इंजिन गार राहिलं की पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये गाळ धरतो, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो, तो नसला की अर्धं कूलंट रेडिएटरला न जाताच फिरतं, मग सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अजूनच तापते. म्हणजे द्यायचं तर गॅरेजला द्या पण पार्ट स्वतः न्या, जुना परत मागा आणि समोर उभे राहा.

वॉरंटी असेल तर विषयच संपला, सर्व्हिस सेंटर.

हाऊसिंग मॅनिफोल्डखाली किंवा बेल्टच्या मागे असेल तर मी म्हणेन हात लावू नका, प्लास्टिकचं असलं तर जास्त आवळून तडा जातो आणि मग अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. वर दिसत असेल, रविवार मोकळा असेल तर घरीच करा, अर्थात पार्ट शनिवारीच आणून ठेवा आणि ओ-रिंग (सील करायची रबरी रिंग) वेगळी मागून घ्या, माझ्या डब्यात नव्हती, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात परत जायचं तर दुकान बंद, गाडी सोमवार संध्याकाळपर्यंत बॉनेट उघडं टाकून उभी.