घराचा प्लॅन स्वतः काढताना: पैशाचं सॉफ्टवेअर, फुकटचं सॉफ्टवेअर आणि २५.४

फीचर्सची यादी देत नाही, ती कुठेही मिळते. जुळे सोलापुरात तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधायला काढलंय आणि दिवाळीपासून रोज रात्री जेवण झालं की प्लॅन काढत बसतोय. ड्राफ्ट्समनला दर बदलाचे वेगळे पैसे द्यायचे, आणि आमच्या घरात बदल सुचवणारी माणसं पाच. हिशोब तुम्हीच करा.

लिहायला बसलो ते लायसन्समुळे. सुरुवातीला वर्षभराचे पैसे भरून एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. नाव लिहीत नाही, पैसे अजून त्यांच्याकडे अडकलेत. लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, एसएसडी टाकली, आणि सॉफ्टवेअरने मला ओळखच दाखवेना. हेल्पलाइन म्हणते, आधी जुन्या मशीनवरून लायसन्स ‘रिलीज’ करा. अहो, जुनी डिस्क मेली म्हणून तर फोन केलाय! त्यावर नवीन तिकीट नंबर. मधल्या काळात ट्रायलवर चालवलं, तर प्रत्येक प्रिंटवर आडवा वॉटरमार्क, नेमका जिन्यावरून जाणारा.

खरं सांगायचं तर लायसन्सचं दुखणं एकदाच झालं. रोजचं दुखणं आहे युनिटचं, आणि या सगळ्या अनुभवात मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

आपल्याकडे जमीन गुंठ्यात, म्हणजे १०८९ चौरस फुटात. गवंडी फूट-इंचात. महापालिकेत जाणारा प्लॅन मीटरमध्ये. आणि ड्राफ्ट्समनचं सॉफ्टवेअर मिलिमीटरमध्ये. मी इंचात काढत होतो, कारण खोल्या डोक्यात तशाच येतात. प्लॉटची तीस फुटांची बाजू म्हणजे ३६० इंच. ती फाइल डीएक्सएफ (ड्रॉइंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइल-प्रकार) करून ड्राफ्ट्समनला पाठवली. त्यांचा फोन आला, “सर, घर कुठंय? स्क्रीनवर ठिपका दिसतोय.” ३६० इंचांची बाजू तिकडे ३६० मिलिमीटरची झाली होती. सव्वा फुटापेक्षाही कमी. देवघरसुद्धा बसणार नाही.

कारण कळायला मला बरेच दिवस लागले, ते फुकट देतो. डीएक्सएफ फाइलमध्ये लांबी हा नुसता आकडा असतो. तो इंच की मिलिमीटर, हे फाइलच्या सुरुवातीला ‘इन्सयुनिट्स’ नावाच्या एका खणात लिहिलेलं असतं. १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिलिमीटर, ६ मीटर, आणि ० म्हणजे काहीच नाही. आमचं पैशाचं सॉफ्टवेअर तिथे शून्य टाकत होतं. शून्य दिसलं की समोरचं सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगप्रमाणे समजून घेतं. उपाय सोपा आहे: सगळं ड्रॉइंग निवडा, बेस पॉइंट ०,० ठेवा आणि २५.४ ने स्केल करा, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. फुटात काढलं असेल तर ३०४.८ ने. वर्षाचे पैसे घेणाऱ्यांना एक खण भरता येऊ नये, याचा राग मला लायसन्सपेक्षा जास्त आहे.

स्केल केल्यावरही एक भूत उरतंच. नऊ इंची भिंत होते २२८.६ मिलिमीटर, आणि ड्राफ्ट्समनची तयार भिंत २३०. फरक १.४ मिलिमीटरचा. गवंड्याच्या ओळंब्यालाही तो कळणार नाही, पण हॅच (भिंतीच्या आतल्या तिरप्या रेघा) भरताना सॉफ्टवेअर अडून बसतं, कारण कोपऱ्यात रेषा जुळलेल्या नसतात आणि बंद आकार होत नाही. कोपरा भरपूर झूम करून बघा, फट दिसते. दोन्ही रेषा एकमेकींपर्यंत ताणल्या किंवा छाटल्या की हॅच मुकाट भरतो. आणखी एक: ‘झूम ऑटो’ (सगळं ड्रॉइंग एका स्क्रीनवर) केल्यावर घर मुंगीएवढं दिसत असेल तर लांब कुठेतरी एखादा चुकार ठिपका किंवा रेघ पडलेली असते. घराभोवती चौकट ओढून घर निवडा, निवड उलटी करा, उरलेलं डिलीट.

लायसन्सच्या भांडणात लिब्रेकॅड या फुकटच्या सॉफ्टवेअरवर आलो. इथपर्यंतचा मजकूर मी संक्रांतीच्या सुमारास लिहून ठेवला होता आणि त्यात लिब्रेकॅडला ‘म्हातारं सॉफ्टवेअर’ म्हटलं होतं. ते वाक्य काढून टाकलंय. बटणं जुनाट दिसतात, थ्रीडी नाही, सेव्ह फक्त डीएक्सएफमध्ये होतं. कोणी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) पाठवली तर ती आधी डीएक्सएफ करून घेणं बरं, त्यासाठी ओडीए फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो. पण ड्रॉइंगच्या प्रेफरन्समध्ये युनिट आधी ठरवून ठेवलं की पुढे गडबड नाही. कमांडच्या जागी @१२०,० टाइप केलं की १२० इंचांची, म्हणजे दहा फुटांची सरळ रेघ. हे हाताला बसलं की माउसने भिंती ओढणं पोरखेळ वाटतो.

प्रिंट काढताना सावध राहा. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’वर टिक ठेवतो आणि स्केलची वाट लागते. मी आता कागदाच्या कोपऱ्यात दहा फुटांची एक रेघ काढतो. १:५० ला, म्हणजे खऱ्या मापाच्या पन्नासाव्या भागात, ती ६१ मिलिमीटर भरली पाहिजे. दुकानातच पट्टी लावायची, नाही भरली तर पैसे द्यायचे नाहीत. आपला तीस बाय चाळीस १:५० ला ए-फोरवरही बसतो, मोठा कागद लागतोच असं नाही.

जिना मात्र मी कागदावर सोडवला. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच, पायरी सात इंच उंच धरली तर अठरा चढ. दोन भागांत नऊ-नऊ. सॉफ्टवेअरच्या तयार जिन्यात डोकं घालण्यापेक्षा हे दहा मिनिटांत होतं.

आता ज्याची अपेक्षाच नव्हती ते. स्वीट होम थ्रीडी हे घर थ्रीडीत दाखवणारं आणखी एक फुकटचं सॉफ्टवेअर मी मुलीच्या हट्टाखातर टाकलं होतं, फर्निचर मांडून बघायला. हौद, तुळशी वृंदावन, धुण्याचा दगड हे सगळं ठोकळ्यांतून आपणच बनवावं लागतं. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात हौद आधी आणि सोफा नंतर. (सहा बाय सहा बाय पाच फुटांचा हौद म्हणजे साधारण पाच हजार लिटर.) पण त्यात होकायंत्र आहे. त्यावर उत्तर दिशा फिरवून घ्यायची, अक्षांश १७.६६, रेखांश ७५.९१ टाकायचे, मग सॉफ्टवेअरमध्येच खोलीचा फोटो काढताना तारीख आणि वेळ द्यायची. एप्रिलमधले दुपारचे चार दिले आणि पश्चिमेच्या बेडरूममध्ये ऊन पलंगापर्यंत आलेलं दिसलं. दोन फुटांचा चज्जा टाकून बघितला, ऊन त्याच्याखालून आत. जूनमधली संध्याकाळ दिली तर उत्तरेच्या खिडकीतूनही तिरीप. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावरून जातो आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारीसुद्धा थोडा उत्तरेला असतो, हे शाळेत शिकलो होतो. ते खिडकीशी जोडून कधी बघितलं नव्हतं. जिना आणि बाथरूम पश्चिमेला हलवले, बेडरूम पूर्वेला. पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्य होता, पण जास्त पैशांच्या लायसन्समध्ये.

गवंड्याला प्लॅन दाखवला. तो म्हणाला, “सर, मिलिमीटर तुमच्याजवळ ठेवा. दहा बाय बारा की दहा बाय साडेबारा, तेवढं सांगा.” म्हणून त्याच्यासाठी फूट-इंचाच्या मापांचा वेगळा लेअर (हवा तेव्हा चालू-बंद करता येणारा थर) केलाय, बाकीचे बंद करून प्रिंट काढतो.

मंजुरीचा प्लॅन आर्किटेक्टच्या किंवा लायसन्सधारक इंजिनिअरच्या सहीनेच जातो, तो खर्च यातून वाचत नाही. वाचतो तो रोजच्या ‘इथली खिडकी तिकडे’चा. वर्ष संपलं की पैशाच्या सॉफ्टवेअरचं रिन्यूअल करणार नाही. आता लाइटच्या पॉइंटचा लेअर काढतोय. वायरमन म्हणतो, तो भिंतीवर खडूने काढतो. काढू दे, पण स्लॅबमध्ये पाइप टाकायच्या आधी माझा प्रिंट बघून.