जोडनळी बारा बोअर: चौदा महिने सांभाळल्यावर

आधी वस्तू कोणती ते सांगतो. बारा बोअरची जोडनळी बंदूक, देशी बनावटीची. ३० इंची नळ्या, दोन चाप, घोडे आतल्या आत, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. आमच्या आप्पांची. सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात वारणेच्या काठाला आमची जमीन आहे, चांदोली धरणाच्या खालच्या अंगाला. आप्पांनी पीक संरक्षणासाठी परवाना काढला तेव्हा मी चौथीत होतो. २०२४ च्या जानेवारीत परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हापासून चौदा महिने ती माझ्याकडं होती, त्याचा हा अनुभव. कुणाला आपल्या घरातली जुनी बंदूक नावावर करून घ्यायची असेल, तर वाचून घ्या.

चौथीत असताना मला तिच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मिळायच्या. ओठाशी आडवी धरून फुंकली की शिट्टी वाजायची आणि नाकात जळक्या दारूचा वास जायचा. तो वास मला अजूनही आवडतो, खोटं कशाला बोलू. बंदूक मधल्या घरात खुंटीला उंच टांगलेली असायची. हात लावायची टाप नव्हती. चाळीस वर्षं जी वस्तू माणूस मान वर करून बघतो, ती एक दिवस आपली होणार म्हटल्यावर अक्कल जरा बाजूलाच बसते.

परवान्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे, की परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं असलं, तर वारसाला परवाना मागता येतो. आप्पा दोन्हीत बसत होते. अर्ज, वारसांची संमती, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, पोलिसांची चौकशी, मग जिल्हाधिकारी कार्यालय. मला सगळं मिळून दहा महिने लागले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा मिळतो, तेवढे हेलपाटे वाचले. चौकशीला आलेल्या हवालदारांनी भाऊबंदकीत काही वाद आहे का, असं विचारलं. चुलतभाऊ तिथंच उभा होता. त्यानंच सांगितलं, "वाद कसला? काय न्हाई." आमच्यात बांधाचा वाद आहे. वीतभर जागेचा, वडिलांच्या काळापासूनचा. पण तो बोलला नाही आणि मीही गप्प राहिलो. ते पुढं येईल.

पहिले आठ दिवस नव्या मोटारसायकलसारखे. रोज बाहेर काढायची, पुसायची, कळ दाबून मधोमध वाकवून उघडायची, नळ्यांतून उजेडाकडं बघायचं. आतून नळी आरशासारखी चमकते आणि उजेडाची वलयं दिसतात. बंद करताना जो भरीव 'ठक्' आवाज येतो, त्यावर माणूस फिदा होतो. बारा बोअर म्हणजे काय, हेही तेव्हाच समजून घेतलं. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. साडेअठरा मिलिमीटरच्या आसपासचं तोंड. काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, शक्तिमान. काडतुसावरचा छर्ऱ्यांचा आकडा जेवढा मोठा तेवढे छर्रे बारीक, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं.

रेंजवर जाऊन दहा बार काढले. पहिल्याला मी डोळे मिटले होते. शिकवणारे हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरायचा, सैल धरला की लाथ बसते. मी तिसऱ्या बाराला सैल धरला आणि पुढचे पाच दिवस शर्ट घालताना बायकोला हाक मारत होतो. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. डावी नळी तोंडाशी आवळलेली, त्यामुळं तिचे छर्रे लांबवर एकत्र राहतात. हे सगळं कळतं, पण बार उडाल्यावर काहीच आठवत नाही. कानात बोळे होते तरी संध्याकाळपर्यंत शीळ वाजत होती. आप्पांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, त्याचं कारण मला पन्नाशीत समजलं.

त्याच रेंजवर नववी-दहावीतली एक मुलगी एअर रायफलचा सराव करत होती. दहा मीटरवर कागद, आणि त्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मी दहा बारांत घामाघूम झालो. ती दोन तास जागची हलली नाही. श्वास सोडायचा, थांबायचं, नाही पटलं तर रायफल खाली घ्यायची. निम्म्या वेळा ती चाप न ओढताच रायफल खाली घेत होती. पुढं ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण. आमच्या पारावर लगेच मला प्रश्न: "तुझं पदक कवा?" म्हटलं, माझी बंदूक ठाण्यातनं नुकतीच सुटून आलीय, तिला जरा दम खाऊ दे.

ठाण्याचं असं. मार्चच्या मध्याला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करण्याची नोटीस आली. पावती घेऊन जमा केली. आमच्याकडं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. परत मिळेपर्यंत मृग लागला होता. मग १२ ऑक्टोबरला दसरा. खंडेनवमीची पूजा मांडली, दस्त्याला हळदकुंकू, नळीला झेंडूची माळ. सांगतो, त्या दिवशी ती जितकी देखणी दिसली तितकी चौदा महिन्यांत पुन्हा दिसली नाही. तीनच दिवसांनी, १५ तारखेला, विधानसभा जाहीर झाली. पुन्हा नोटीस, पुन्हा पावती. जमा करताना दस्त्याच्या खाचेत हळद राहिली होती. अंमलदारांनी वर्णनात 'जुना वापर' असं लिहिलं. चौदातले चार महिने बंदूक सरकारी छपराखाली गेली.

राहिले दहा. त्यातला पावसाळा म्हणजे निव्वळ चाकरी. आमच्या भागात जुलैत भिंतींना पाझर फुटतो, तिथं लोखंडाची काय कथा. आप्पांची चामडी केस होती, तिच्यात ठेवली. तीच चूक. चामडं ओल धरतं. पंधरा दिवसांनी काढली तर नळीवर तांबूस ठिपके. मग गज, फुलालीन, ब्रश, तेल. बोटांचे ठसेसुद्धा गंजतात, म्हणून शेवटचा हात तेलाच्या फडक्यानं. बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिकाच्या पुड्या गोळा करायला लागलो. दुकानदार विचारायचा, "एवढ्या कशाला?" काय सांगणार? आठ काडतुसं मी धान्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवली होती, ती फुगून नळीत बसेनात. चूक माझीच. दहा काडतुसांच्या पैशात युरियाच्या तीन पिशव्या येतात, हा हिशेब त्या दिवशी आपोआप डोक्यात झाला.

आता मुख्य काम, डुकरं. आदल्या वर्षी रानडुकरांनी भुईमूग असा नांगरला होता की रोटर फिरवल्यासारखा. त्या रागातच मी परवान्याच्या मागं लागलो होतो. पण रानडुक्कर वन्यजीव कायद्यात आहे. नवी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात ते संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, गेलं. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे बंदुकीचा कागद वेगळा आणि डुकराचा वेगळा. नुसता भीती घालायला बार काढावा म्हटलं, तर कुठल्या दिशेला? छर्ऱ्यांचा मार खरा ३५-४० मीटरपर्यंत, पण मोठा छर्रा ६०० मीटरच्या आसपास जाऊन पडू शकतो. आणि रात्री आमच्या शिवारात माणसं असतात. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची असली की निम्मा गाव उसात दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला. गुडघाभर चिखल, तोंडात बॅटरी, दिसतं फक्त पाचटाचं हलणं. डुक्कर हललं काय आणि भावकी हलली काय, आवाज एकच.

चौदा महिन्यांत रानात एकही बार काढला नाही. एकही नाही.

एकदा बिबट्या आला. ऊसतोड सुरू झाली की ते बाहेर पडतातच. वस्तीवरचं कुत्रं गेलं आणि रात्री अकराला पाच-सहा जण दारात: "बंदूक घे आन् चल." बिबट्या पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणाच्या, त्याच्याकडं नळी वळवली तरी मी आत, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी गेलो, पण बॅटरी आणि काठी घेऊन. माझ्याकडं सगळे असे बघत होते, जणू वरातीला नवरदेव घोड्याशिवाय आला.

वरातीवरून आठवलं. पुतण्याच्या लग्नात एक बार काढा, असा हट्ट. २०१९ पासून असल्या आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाही म्हटलं. मग नुसता फोटो तरी, खांद्यावर घेऊन, रीलसाठी. तेही नाही म्हटलं. तो अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. त्याच्या आईच्या मते मी बंदूक आल्यापासून बदललो. वहिनींचं एकदम चूक आहे असंही नाही.

किल्ली. हा विषय कुणीच सांगत नाही. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, दोन्हीला कुलूप, आणि किल्ल्या फक्त परवानाधारकाकडं. घरात सहा वर्षांची नात. किल्ल्या खिशात ठेवल्या तर शर्ट धुण्यात जातो, उशीखाली ठेवल्या तर सकाळी अंथरूण दुसरंच कुणी काढतं. शेवटी करगोट्याला बांधल्या. आंघोळीला बसलं की मांडीवर गार लोखंड. आषाढीला पंढरपूरला जायचं होतं, तर घर बंद ठेवून बंदूक एकटी कशी सोडायची म्हणून मी मागं राहिलो आणि बायको जावेबरोबर गेली. परत आल्यावर म्हणाली, "आप्पांनी डुकरं राखायला घेतली हुती. तुम्ही तिलाच राखत बसलाय." तिनं बुक्क्याचा टिळा लावला आणि चहा ठेवायला गेली.

आता चुलतभावाचं. आमचा बांध म्हणजे रोजचं भांडण. तो दोन बोटं नांगर सरकवायचा, मी दुसऱ्या दिवशी बोंब मारायचो, तो उलटी बोंब मारायचा, दोघांच्या बायका मिळून भाजी खुडायला जायच्या. तीस वर्षं हे असंच चाललेलं. मला रात्री पाणी लावायचं असलं तर तो न सांगता येऊन माझं दार मोडून पाणी आपल्याकडं वळवायचा, आणि कधी माझं पाणी सुटलं तर गुपचूप बांधूनही जायचा.

बंदूक आल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते फेब्रुवारीत. रात्री एकच्या सुमाराला मी पाण्याच्या मोटारीजवळ बसलो होतो. बंदूक घरी, कुलपात. लांबून, चिंचेजवळून, बॅटरी हलायला लागली आणि हाक आली, "दादा, मी हाय! मी!" वाटलं काहीतरी झालं. जवळ आल्यावर विचारलं, ओरडतोस कशाला? म्हणाला, "न्हाई, म्हटलं आपलं कळावं." त्यानंतर दर वेळी तेच. चिंचेपाशी थांबायचं, बॅटरी वर-खाली, हाक, मी ओ दिली की मगच पाऊल पुढं. बंदूक ठाण्यात असायची तेव्हासुद्धा. त्याचं बघून बाकीचेही हाका मारत यायला लागले. आधी माझ्या रानातून पाय वाजत नव्हता अशी माणसं.

पुढं नांगरटीच्या वेळी बांध बघितला तर जिथल्या तिथं. उलट त्यानं त्याच्याच बाजूनं हातभर पट्टा न नांगरता सोडलेला. मी मुद्दाम बोंब मारून बघितली. "तुझं बरोबर आसंल दादा," म्हणाला आणि बैल घेऊन गेला. त्या दिवशी माझ्या पोटात कसंतरी झालं. त्या बंदुकीनं डुक्कर एक हललं नाही, पण हा माणूस हलला, तेही ती कपाटात असताना. आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "माझ्याशी त्याचा बा बी असाच गोड बोलायचा. मला वाटायचं, माझं वजन हाय."

तारे द्यायचे तर वस्तूला चार. कमअस्सल नाही ती, अजूनही पहिल्या झटक्यात उघडते आणि बंद होते. ज्याला नेमबाजीची हौस आहे त्यानं रेंजवर जावं, एअर रायफल धरावी, सहा महिने ठिपका बघावा. ज्याला डुकरांचा त्रास आहे त्यानं झटका मशीन घ्यावं. मी घेतलंय. छोटं सोलर पॅनेल, बारा व्होल्टची बॅटरी, दोन तारा, एक टाचेला आणि एक गुडघ्याला. जनावराला चटका बसतो, जीव जात नाही. फक्त घरगुती लाईटची तार सरळ कुंपणाला लावायचा शहाणपणा कुणी करू नका, माणसं मेलीत त्यानं. यंदा भुईमूग अजून तरी शाबूत आहे.

बंदूक मार्चअखेरीला परवानाधारक विक्रेत्याकडं जमा केली, पावती परवान्याच्या पुस्तकात ठेवली आहे. थोरल्याला विचारलं तुला हवी का. तो पुण्याला असतो. म्हणाला, भाड्याच्या टू बीएचकेत कपाट कुठं ठेवू? गिऱ्हाईक मिळालं आणि कागदपत्रं झाली की विकायची. किंमत काही येणार नाही, ते माहीत आहे. पुंगळ्या तेवढ्या दोन ठेवल्यात, नातीला शिट्टीला.

चुलतभावाला मी मुद्दाम घरी बोलावून चहा देऊन सांगितलं, की बंदूक गेली, पावती दाखवली. हो हो म्हणाला. परवा रात्री पाण्याला गेलो होतो. चिंचेपाशी बॅटरी वर-खाली झाली.

"दादा, मी हाय! मी!"