जुन्या गाडीची ब्रेक लाइन बदलायची असेल तर वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातले हे काका

बाबांची १९९८ची मारुती ८०० अजून मीच चालवतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं, तेव्हा ती दोन दिवस पाण्यात होती. यंदा ब्रेक दाबला की पेडल हळूहळू खाली जायला लागलं. एका गॅरेजात मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग, बदलायला लावला. पैसे गेले, पेडल तसंच.

मग रावपुऱ्यातल्या गल्लीतल्या या छोट्या गॅरेजात आलो. काकांनी गाडी वर घेतली आणि मागच्या ॲक्सलजवळची, ब्रेक ऑइल नेणाऱ्या पाइपची क्लिप काढली. खाली गंजाची सालपटं, आणि बोट लावलं तर गळणाऱ्या ऑइलने ओलं! मी म्हटलं, "काका, तेवढाच तुकडा कापून जोड मारा ना." ते म्हणाले, "नाही भाऊ, ब्रेकमध्ये तसला जोड मी मारत नाही. आख्खी लाइन बदलू."

गंजलेल्या नटाला रात्रभर तेल लावून ठेवलं. सकाळी फ्लेअर नटचा पाना वापरला, त्यामुळे नटाचे कोपरे झिजले नाहीत. जुना पाइप समोर ठेवून नवा तसाच वाकवला, टोकांना डबल फ्लेअर केलं, म्हणजे टोकाची कड पसरवून आत दुमडली. रबरी होजही बदलले. ते आतून फुगले की ब्रेक सुटत नाही. नळी बाटलीत सोडून लाइनमधली हवा काढताना मी पेडल दाबत होतो. बाटलीतले बुडबुडे थांबले, तसं पेडल घट्ट झालं. शेवटी नटाच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद धरून गळती तपासली.

दोन दिवस लागतात, घाई असेल तर आधी विचारा. मी आईला घेऊन परवा पावागढला जाऊन आलो.