सेगा ३२एक्स: आठ महिन्यांनंतर, आणि कधीच बाजारात न आलेल्या गेम्सबद्दल

मी न्यू जर्सीत राहते. इथल्याच एका जुन्या गेम्सच्या दुकानातून आठ महिन्यांपूर्वी ३२एक्स घेतलं, म्हणजे सेगाच्या जेनेसिस या गेम-यंत्राची ताकद वाढवणारी जोडणी. माझ्याकडे जेनेसिस, म्हणजे आपल्याकडचं मेगा ड्राइव्ह, आधीपासून होतं. त्याच्या कार्ट्रिजच्या खाचेत हे काळं, फुगीर यंत्र वरून बसवायचं. डोक्यावर अळंबी उगवल्यासारखं दिसतं. त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि जेनेसिसमधून निघालेली एक आखूड केबल मागून त्यात घालावी लागते.

या केबलनेच मला पहिले दोन आठवडे छळलं. दुकानातून आलेली केबल सैल होती. ‘नकल्स केओटिक्स’ हा गेम लावला तर मागचा सगळा देखावा गायब आणि काळ्या पडद्यावर नुसती पात्रं उड्या मारताहेत. यंत्रच बिघडलंय असं वाटून मी रडकुंडीला आले होते. मग उमगलं, की मागचं चित्र जेनेसिस काढतं, पुढचं ३२एक्स, आणि दोन्ही एकावर एक चढून टीव्हीवर जातात. केबल बदलली, चित्र पूर्ण झालं. हे कळल्यापासून या यंत्राबद्दलचं माझं मतच बदललं.

विकत मिळणाऱ्या गेम्सबद्दल थोडक्यात. सगळे मिळून चाळीसच्या आसपास, त्यातल्या सहांना सेगा सीडी, म्हणजे सीडीवरचे गेम चालवणारी जेनेसिसची दुसरी जोडणीसुद्धा लागते. ‘डूम’ घाईत केलेला आहे, हे पाहताच कळतं: चित्र चौकटीत आक्रसलेलं, आणि राक्षस कायम आपल्याकडेच तोंड करून उभे. ‘शॅडो स्क्वाड्रन’ मात्र अप्रतिम. ‘व्हर्चुआ रेसिंग डिलक्स’ अजून दर रविवारी खेळते.

पण खरे महिने गेले ते न आलेल्या गेम्समध्ये. फ्लॅश कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या फाइल्स भरून खऱ्या यंत्रावर चालवता येणारं कार्ट्रिज, घेतलं आणि संग्राहकांनी जपलेले, नंतर सगळ्यांसाठी खुले केलेले प्रोटोटाइप, म्हणजे गेम्सचे अर्धवट नमुने, त्यावर चालवले. ‘व्हर्चुआ हॅमस्टर’मध्ये स्केटबोर्डवरचा हॅमस्टर नळ्यांच्या जाळ्यातून सुसाट पळतो. गेम अर्धाच आहे. तरी वळणावर नळी डोळ्यांसमोर कलते तेव्हा पोटात गोळा येतो, आणि माझी सात वर्षांची लेक “आई, परत!” म्हणून हट्ट धरते. कोअर डिझाइन या कंपनीचा ‘सोलस्टार एक्स’ही असाच राहिला. सेगा सीडीवर गाजलेल्या गेमची ही पुढची आवृत्ती होती.

‘कॅसलव्हेनिया: द ब्लडलेटिंग’ तर हाती लागण्याची शक्यताच नाही. कोनामी या कंपनीने ते काम थांबवलं आणि पुढे प्लेस्टेशनवर ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ केला, १९९७ साली. सॉनिकचंही तसंच: ‘सॉनिक मार्स’ ३२एक्ससाठी सुरू झाला, ‘एक्स-ट्रीम’ नावाने सॅटर्नकडे, म्हणजे सेगाच्या पुढच्या यंत्राकडे गेला आणि तिथेही रद्द झाला. जेनेसिस आणि ३२एक्स एकाच डब्यात घालून ‘नेपच्यून’ आणायचं ठरलं होतं, तेही आलं नाही. आलं असतं तर माझे केबलचे दोन आठवडे वाचले असते.

एवढं सगळं का बुडालं? नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत हे १५९.९९ डॉलरला आलं, आणि त्याच महिन्यात सेगाने जपानमध्ये सॅटर्न आणला. मे १९९५ मध्ये तो अमेरिकेतही पोचला. दोन्हींत हिताचीचे एसएच-२ प्रोसेसर, तेही दोन-दोन. मग गेम बनवणारा जुन्या यंत्राच्या डोक्यावरच्या जोडणीसाठी कशाला राबेल? यंत्रात दम होता, त्याला वेळ मिळाला नाही. त्या अर्धवट नळ्या बघताना मला हे दर वेळी जाणवतं, आणि कुणीतरी महिनोन्महिने बसून केलेलं ते काम कचऱ्यात गेलं नाही याचं फार बरं वाटतं.

घ्यायचं असेल तर दुकानातच लावून बघा. मागचा देखावा आणि पुढची पात्रं दोन्ही दिसली पाहिजेत. तुमचं जेनेसिस पहिल्या मॉडेलचं असेल तर केबल वेगळी लागते, तीही विचारून घ्या. अडॅप्टर जाडजूड आहेत, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. मी लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणला. फ्लॅश कार्ट्रिज ३२एक्सला चालणारं आहे ना, हे आधी पाहा, सगळी चालत नाहीत. आणि प्रोटोटाइप अडकला तर घाबरू नका, रीसेट दाबा. माझा हॅमस्टर आठवड्यातून एकदा तरी भिंतीत रुततो.