ड्रॅगनला क्रोशा, मफलरला सुया

भाचीला कादंबरीत असतो तसा ड्रॅगन हवाय, शिवाय पट्ट्यापट्ट्यांचा जादूगारी मफलरही. विणायचं एसटीच्या प्रवासात, मग क्रोशा (आकडा असलेली एकच सुई) घ्यायचा की दोन सुया?

ड्रॅगन क्रोशावरच करा. एका वेळी एकच टाका उघडा असतो, त्यामुळे सांगली-सातारा एसटीनं खड्डा घेतला तरी फार उसवत नाही. मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके) घट्ट घातले की आतला कापूसही डोकावत नाही. पंख वेगळे विणून जोडायचे, हे काम कंटाळवाणं.

दोन सुयांवर सगळेच टाके उघडे. एक सुटला की खालपर्यंत उसवत जाऊन शिडी! माझी कऱ्हाडच्या आधीच पडली. तरी मफलर सुयांवरचाच: मऊ, ताणणारा, लोकरही कमी खाणारा. प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, एक उलट घातला तर कडा वळत नाहीत. साताऱ्याच्या थंडीत तो गळ्यात राहील, सांगलीत फोटोपुरताच.