मधुमेही पायांसाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट: धागा उत्तम, माहितीपत्रक अपुरं

ठाणे स्टेशनजवळच्या सर्जिकल दुकानात मिळणारा, पेनासारखी मूठ असलेला हा नायलॉनचा धागा (मोनोफिलामेंट) मधुमेहाने पाय बधिर झालेत का हे तपासतो, आणि मधुमेहींच्या घरात असावा असाच आहे. धागा त्वचेवर काटकोनात टेकवायचा आणि इंग्रजी 'सी'सारखा वाकेपर्यंत दाबायचा. एकदा वाकला की जोर १० ग्रॅमच्या आसपासच राहतो, दाबणारा हात कुणाचाही असो. मूठ पक्की आहे, धागा आत दुमडून ठेवता येतो.

तक्रार दमट हवेची. पावसाळ्यात नायलॉन ओल धरतो, मऊ पडतो, कमी जोरातच वाकतो आणि मग चांगला पायही बधिर ठरतो. तपासणीआधी धागा डिजिटल काट्यावर दाबून पाहावा. वाकताना आकडा ९ ते ११ ग्रॅममध्ये हवा. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. कायमची मुरड पडलेला धागा सरळ टाकून द्यावा. शिबिरासाठी घेत असाल तर दोन-तीन घ्या, कारण साधारण १० जणांनंतर त्याला २४ तास विश्रांती लागते.

माहितीपत्रकात मात्र 'डोळे मिटायला सांगा, लागलं का विचारा' एवढंच छापलंय. इथेच तपासणी फसते. धागा त्वचा दाबतो, पण 'लागलं' हे मेंदू ठरवतो. दाबामुळे मज्जातंतूच्या टोकातलं पिएझो-२ हे प्रथिन उघडतं (त्याच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं). संदेश मज्जारज्जूतून त्याच बाजूने वर चढतो, मेंदूच्या देठात बाजू बदलतो आणि मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागामार्गे संवेदी पट्ट्यात, म्हणजे स्पर्शाची नोंद घेणाऱ्या भागात, पोचतो. पण पोचणं म्हणजे जाणवणं नव्हे. मेक्सिकोत विक्टर द लाफ्वेन्ते आणि रानुल्फो रोमो यांनी २००५ साली माकडांच्या बोटाला जेमतेम कळेल इतकी थरथर दिली. संवेदी पट्ट्यातल्या पेशी थरथरीच्या जोराप्रमाणे चालल्या, मग माकडाचं उत्तर 'हो' असो वा 'नाही'. उत्तराशी जुळल्या त्या कपाळाकडच्या भागातल्या पेशी, आणि थरथर नसताना माकडाने चुकून 'हो' म्हटलं तेव्हाही त्या जाग्या होत्या.

पेशंटचंही तेच होतं. ठरावीक तालात 'लागलं का, लागलं का' विचारत गेलात तर न लावलेला धागाही त्यांना लागतो. म्हणून आधी हातावर किंवा कपाळावर लावून दाखवा: "काकू, असं लागेल. आता डोळे मिटा." मग प्रत्येक तळपायाच्या तीन जागा घ्या: अंगठ्याचं टोक, अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा. धागा दोनेक सेकंद टेकवा, घासू नका. घट्टा किंवा जखम असेल तर तिच्या कडेला लावा. प्रत्येक जागी तीनदा विचारा, त्यात एकदा धागा न लावताच. अंतर कमीजास्त ठेवा आणि 'कुठल्या पायाला?' हेही विचारा.

तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर ती जागा शाबूत. दोन चुकली तर तीच जागा पुन्हा तपासा. तरीही तेच आलं तर अनवाणी फिरणं त्या दिवसापासून बंद, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं आणि पाय डॉक्टरांना दाखवायचा.